लोणच्याच्या बरणीतले सात लाख

आमच्या घरात सात लाख रुपये आहेत, हे मला मेव्हण्याने सांगितलं. रात्री साडेअकरा वाजता, शेवगावहून, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवून. व्हिडिओतला पोरगा गळ्यात बैलाच्या साखळीएवढी साखळी घालून, चिमटीत पाच रुपयांचं पिवळं नाणं धरून ओरडत होता, "ज्याच्याकडे हे वैष्णोदेवीचं नाणं असेल, त्याने उद्याच नोकरीचा राजीनामा द्यावा!" मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालोय. म्हणजे निम्मं काम सरकारने आधीच उरकून ठेवलं होतं. आता फक्त नाणं सापडायचं बाकी होतं.

पाठोपाठ मेव्हण्याचा फोन आला.

"दाजी, झोपले का?"

"झोपलो होतो."

"बरणी कुठंय?"

आमच्या घरातल्या माणसांची खुशाली विचारायची मेव्हण्याला कधी आठवण होत नाही, पण बरणी त्याच्या पक्की लक्षात होती.

ही बरणी समजून घ्यायची तर आमच्या आजोबांचा नियम माहीत हवा. ज्या नाण्यावर माणूस असेल, ते नाणं मोडायचं नाही. नुसत्या सिंहांचं नाणं दुकानात, माणसाचं नाणं बरणीत. त्यामुळे गेल्या साठ वर्षांत सगळे सिंह वाण्याकडे गेले आणि सगळी थोर माणसं आमच्या माळ्यावर जमली. बरणी चिनी मातीची, वर तपकिरी आणि खाली पांढरी. मूळची आईच्या कैरीच्या लोणच्याची. तिचं तोंड एके ठिकाणी टवकलं, तेव्हा ती लोणच्याच्या नोकरीतून नाण्यांच्या नोकरीत आली. पण आईच्या लोणच्याचा वास काही गेला नाही. आमच्याकडच्या नेहरूंना आजही मोहरीचा वास येतो.

बरणीची सुरुवात नेहरूंपासूनच आहे. १९६४ साली नेहरू गेले आणि स्वतंत्र भारताने पहिल्यांदा कुणाच्या स्मरणार्थ नाणं काढलं. एक रुपया आणि पन्नास पैसे. आजोबांच्या मते मात्र ते नाणं नगरचं होतं. १९४२ साली इंग्रजांनी नेहरूंना आणून कोंडलं ते आमच्या भुईकोट किल्ल्यात, 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी लिहिलं तेही तिथेच, आणि आजोबा तेव्हा भिंगारला राहायचे, म्हणजे किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर. तेवढ्या आधारावर ते नेहरूंचा उल्लेख 'आमच्या शेजारचे' असा करायचे. शेजाऱ्याचं नाणं कोण मोडतं?

त्यावर थर गांधीजींचा. १९६९ ची जन्मशताब्दी आणि वीस पैशांचं पिवळं नाणं. त्याच सुमाराला कमळाचंही वीस पैशांचं तसंच पिवळं नाणं होतं, आणि या दोन्हींत सोनं आहे, अशी आवई माझ्या लहानपणी घरोघर होती. आजीने अशी सतरा नाणी पदराच्या गाठीला बांधून साठवली, पुढे नातीच्या लग्नात पाटल्या होतील म्हणून. त्यात तांबंच फार. नातीचं लग्न बेन्टेक्सच्या पाटल्यांवर झालं.

मग १९७४ चं दहा पैशांचं, ॲल्युमिनियमचं, कडेने फुलासारखं नागमोडी. त्यावर 'नियोजित परिवार, सबके लिए अनाज' असं लिहिलेलं आणि आईबाप नि दोन पोरांचं चित्र. हे नाणं आजोबांनी फार जपलं. आजोबांना आठ मुलं. ते नाणं त्यांनी मोडलं का नाही आणि वाचलं का नाही, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

त्यानंतर १९८५ चा इंदिराबाईंचा पाचाचा ठोकळा, खिशात ठेवला तर पायजमा एका बाजूने खाली येईल असा. १९९० चा बाबासाहेबांचा रुपया. १९९९ सालचे छत्रपती शिवाजी महाराज, दोन रुपये, अकरा कोनांचे. हे तर महाराष्ट्रात कुणी मोडलंच नाही; अर्ध्या देवघरांत ते टाकाजवळ ठेवलेलं सापडेल. त्याच वर्षीचा ज्ञानेश्वर माउलींचा स्टीलचा रुपया. तो मला नेवासा फाट्यावर बसच्या कंडक्टरने सुट्ट्यांत परत दिला. ज्या नेवाशात माउलींनी पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, तिथेच माउलींचा रुपया हातात पडावा! शिवाय कंडक्टरने उरलेला रुपया आपणहून परत द्यावा, हा चमत्कार वेगळाच. भिंत चालवल्याइतकाच.

आणि तळाशी, मोहरीच्या डाळीत चिकटलेल्या, वैष्णोदेवी. २०१२ च्या. एक नाही, तीन.

मी सौ.ला हलवून उठवलं. "अगं, एकवीस लाख!"

तिने डोळे किलकिले करून तिन्ही नाण्यांकडे पाहिलं. "फार दुर्मिळ आहेत म्हणता?"

"जगात मोजकी."

"मग आपल्या बरणीत तीन कशी आली?"

लखपती होण्याच्या रात्री माणसाला असे प्रश्न विचारू नयेत. मी तिला म्हटलं, यालाच नशीब म्हणतात. ती कूस बदलून झोपली. मी मात्र एक वाजेपर्यंत सावेडीत रो-हाऊस घेतलं, दोन वाजेपर्यंत त्याला गच्चीवर पत्रे टाकले, आणि तीन वाजता पत्र्यांच्या भावावरून त्या अस्तित्वात नसलेल्या ठेकेदाराशी माझं भांडणही झालं. पहाटे मेव्हण्याचा मेसेज होता, "दाजी, शोधणाऱ्याला धा टक्के असतात, बरं का."

सकाळी पहिलं काम नाणी साफ करण्याचं. घाणेरड्या नाण्याला कोण सात लाख देईल? माणसाने पोरगी दाखवतानासुद्धा तिला पावडर लावायला सांगितलेलं असतं. मी चिंच, मीठ, राखुंडी आणि नारळाची शेंडी घेऊन मोरीत बसलो आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नाणी समईसारखी लख्ख केली. वैष्णोदेवी तर अशा चमकल्या, की भांडी घासणाऱ्या बाईंनी हात जोडले. नेहरूंचं नाक थोडं कमी झालं. पण एकंदरीत तेज आलं.

दुपारी कळलं, की नाण्याच्या सालाखाली टाकसाळीची खूण असते. मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. आणि खूणच नसेल तर ते कोलकात्याचं. कोणत्या टाकसाळीचं कोणतं साल कमी निघालं, यावरही म्हणे भाव ठरतो. मी आजोबांचं भिंग काढून बसलो. एकाही नाण्यावर काही दिसेना. राखुंडीने माझी सगळी नाणी कोलकात्याची करून टाकली होती. एकावर ठिपका होता; मी 'नोएडा! नोएडा!' असं ओरडलो. तो मोहरीचा निघाला.

आता गिऱ्हाईक. व्हिडिओखाली नंबर होताच. पलीकडचा माणूस इतका गोड बोलत होता, की तेवढ्यावरूनच मला शंका यायला हवी होती. नगरमध्ये इतकं गोड फक्त निवडणुकीत बोलतात. "बधाई हो सर, आपका सिक्का सिलेक्ट हो गया है." मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली, पण माझी कशात निवड झाल्याचं मला कुणी कधी कळवलं नव्हतं. डोळ्यांत पाणीच आलं. नोंदणी फी फक्त १,१५० रुपये. मी लगेच पाठवली. अर्ध्या तासाने निरोप आला, की रिझर्व्ह बँकेच्या 'ना हरकत' दाखल्याचे ४,८०० भरले, की गाडी पैसे घेऊन निघेल.

सौ. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो तुम्हाला सात लाख देणारच आहे ना? मग त्यातनंच कापून घ्या म्हणावं."

मी त्याला तसं म्हणालो. गोड आवाज बंद झाला तो कायमचा. संध्याकाळी पुण्याहून लेकीचा फोन. "बाबा, १९३० ला फोन करा, सायबरवाल्यांना. आणि रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सांगितलंय, की जुन्या नोटा-नाण्यांसाठी आमच्या नावाने कुणी फी मागितली तर देऊ नका." मी म्हटलं, "बाई गं, २०२१ मध्ये सांगितलं होतंस, तर आता काय उपयोग?" ती म्हणाली, मी नाही, रिझर्व्ह बँकेने.

ही बातमी बाहेर फुटू नये असं मला वाटत होतं, म्हणून मी ती फक्त शेजारच्या भाऊसाहेबांना सांगितली. भाऊसाहेब म्हणजे निवृत्त तलाठी. गावातल्या कुणाच्या बांधावर कुणाचं किती झाड आहे, हे त्यांना अजून तोंडपाठ. मी अकराशे पन्नास घालवले हे ऐकून त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी मला घरात नेऊन दार लावलं आणि कपाटातून फडक्यात गुंडाळलेली त्यांची स्वतःची ठेव काढली. तांब्याची. एका बाजूला हनुमान, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८'.

"पाथर्डीच्या पाहुण्याकडनं आलंय," भाऊसाहेब कुजबुजले. "साधंसुधं नाय मास्तर. तांदूळ ओढतंय."

१८१८ म्हणजे पेशवाई बुडाली ते साल. नगरचा किल्ला तर वेलस्लीने १८०३ मध्येच घेतला होता. तेव्हा कंपनी सरकारला दख्खनचा वसूल गोळा करायचा होता, हनुमानाची नाणी पाडत बसायला वेळ नव्हता. असलं नाणं कंपनीने कधी काढलंच नाही. ती देवळाबाहेर मिळणारी टोकनं, मागाहून कुणीतरी पाडलेली. हे मला माहीत होतं. तरीही मी, इतिहास शिकवलेला माणूस, जमिनीवर पालथा पडून नाण्याशेजारी ठेवलेल्या सात तांदळांकडे अर्धा तास बघत होतो. आधी कोलम ठेवला. हलला नाही. भाऊसाहेब म्हणाले, "इंद्रायणी बघू, हलका असतोय." आणि काय सांगू, इंद्रायणीचा एक दाणा खरोखर सरकला! भाऊसाहेबांनी माझा दंड धरला. आम्ही दोघंही श्वास रोखून होतो. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी पंखा बंद केला. दाणा थांबला.

भाऊसाहेबांची अडचण माझ्यापेक्षा मोठी. त्यांच्याकडे ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोटही आहे. तिचेही लाख येतात असं कुणीतरी सांगितल्यापासून ती त्यांनी सातबाराच्या उताऱ्यांमध्ये ठेवलीय. आमच्या जिल्ह्यात खऱ्या ट्रॅक्टरवर कर्ज असतं आणि नोटेवरच्या ट्रॅक्टरवर आशा.

आणि नेमका त्याच आठवड्यात अहिल्याबाईंचा रुपया आला. म्हणजे तीनशे रुपयांचं नाणं. ३१ मे २०२५ ला अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, आणि भोपाळला पंतप्रधानांनी तीनशे रुपयांचं नाणं काढलं. अहिल्याबाई जन्मल्या चौंडीला, आमच्या जामखेड तालुक्यात. आता तर आख्ख्या जिल्ह्याला त्यांचं नाव. (पाट्या अहिल्यानगर झाल्या, पण बसमध्ये चढताना तोंडातून 'एक नगर' असंच निघतं. जीभ निवृत्त झाल्याशिवाय ते जाणार नाही.) भाऊसाहेबांना वाटलं, हे नाणं आपल्या जिल्ह्यात आधी वाटणार. ते सकाळी दहाच्या ठोक्याला बँकेच्या खिडकीवर हजर. सोबत मी, साक्षीदार.

"तीनशेची दहा नाणी द्या," त्यांनी तीन हजार पुढे सरकवले.

"तीनशेचं नाणं?" कॅशियरने मागच्या बाईंकडे पाहिलं. "मॅडम, तीनशेचं नाणं निघालंय का?"

"कुणी सांगितलं? व्हॉट्सॲपवर?"

या वेळी मात्र व्हॉट्सॲप खरं होतं, आणि नेमकं त्याच वेळी कुणी मानायला तयार नव्हतं. शेवटी एका तरुण अधिकाऱ्याने समजावलं, की अशी पंचाहत्तर, शंभर, तीनशेची नाणी बाजारात फिरायला निघतच नाहीत. टाकसाळ ती हौशी लोकांना डबीत घालून विकते, आणि किंमत लावते नाण्यावर लिहिलीय त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त.

भाऊसाहेब बाहेर आले, पायरीवर बसले आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "म्हणजे तीनशेचं नाणं तीनशेला मिळत नाय, आणि पाचाचं नाणं पाच लाखाला जात नाय. मग मास्तर, नाण्यावर आकडा लिवत्यात कशाला?"

गावातल्या सराफाकडचा प्रसंग फार लांबवत नाही. त्याने माउलींचा रुपया कसोटीच्या दगडाशीसुद्धा नेला नाही. नुसतं बघून म्हणाला, "काका, हे चमच्याचं स्टील आहे." भंगारवाला मात्र वजनावर घ्यायला तयार होता, पण भाऊसाहेबांनी त्याला २०११ चा नाणे कायदा ऐकवला, की चालू नाणं वितळवणं गुन्हा आहे. भंगारवाला काटा सोडून गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. आम्ही गेल्यावर परत आला.

मग कुणीतरी सुचवलं, पुण्याचा जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे नाणीवाले बसतात, खरा भाव तिथेच कळेल. रविवारी निघालो. सौ.ही निघाली. का, तर २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे. "तुम्हाला पूर्ण तिकीट. त्यापेक्षा मी गेले तर निम्म्यात काम होईल," असं तिचं म्हणणं. पण नाणी तिच्या हाती द्यायला माझा जीव होईना, आणि मला एकट्याला पाठवायला तिचा. अकराशे पन्नास ताजे होते. त्यामुळे एक काम दीड तिकिटात करायचं ठरलं. बरणी पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर, आणि माझा हात पिशवीवर. शिरूरपर्यंत शेजारचा माणूस नाक वर करून वास घेत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "लोणचं कैरीचं का?"

जुन्या बाजारात नाणीवाला सतरंजीवर बसला होता. मी उकिडवा बसलो, डावीउजवीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणालो, "मालक, वैष्णोदेवी आहे."

त्याने मान वर न करता पायाजवळची प्लास्टिकची बादली पुढे सरकवली. "घ्या. वीसला एक, पन्नासला तीन."

मी बादलीत पाहिलं. बादलीभर वैष्णोदेवी होती. माझे एकवीस लाख मोजायला त्याला मग लागला असता. २०२३ मध्ये बातमी आली होती, की शिर्डीच्या दानपेटीतली चिल्लर ठेवायला बँकांकडे जागा उरली नाही. ज्या जिल्ह्यात नाणी ठेवायला बँकांना जागा नाही, त्या जिल्ह्यातून मी दुर्मिळ नाणं म्हणून हे घेऊन आलो होतो.

"घ्यायचं नाही, द्यायचंय," मी म्हणालो.

"द्यायचं? मग पाच."

"लाख?"

आता त्याने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं, सौ.कडे जरा सहानुभूतीने पाहिलं. "कुठनं आलात काका?"

"नगरहून."

"नगरचे आज तुम्ही चौथे. व्हिडिओ ना? साखळीवाला?"

मी काही बोललो नाही. सौ.ने मान हलवली.

त्याने एक नाणं उचलून भिंगाखाली धरलं आणि त्याचा चेहराच बदलला. "हे घासलंय का तुम्ही?"

"थोडंसं."

"कशाने?"

"चिंच. आणि... राखुंडी."

त्याने पलीकडच्या सतरंजीवाल्याला हाक मारली. "ए, इकडं ये. राखुंडी बघ." दोघा-तिघांनी माझं नाणं फिरवून पाहिलं. एकजण हळहळला. एखाद्याने आपलं पोर झाडाला उलटं टांगलंय, अशा नजरेने ते माझ्याकडे बघत होते. तेव्हा कळलं, की नाण्याचा मळ ही त्याची अब्रू असते. ती मी मोरीत घालवली होती.

माणूस मात्र भला. गिऱ्हाईक नसताना त्याने मला चहा पाजला आणि शिकवलं. "काका, सरकार असलं नाणं एक-दोन पाडत नाही, लाखोंनी पाडतं. आणि त्यावर देव नाहीतर माणूस दिसला, की तुमच्यासारखे सगळे जपून ठेवतात. दुर्मिळ व्हायला नाणं हरवावं लागतं. तुम्ही ते हरवूच देत नाही."

"मग भाव कशाला?"

"टाकसाळीतनं थेट पाकिटात आलेलं, हात न लागलेलं, यूएनसी." मला आधी यूपीएससी ऐकू आलं. "नाहीतर प्रूफ सेट, डबीसकट. नाहीतर चुकीचं पडलेलं. छाप सरकलेला, एक बाजू उलटी झालेली. चुकीला भाव आहे, बरोबरला नाही."

मी आयुष्यभर चुकांना लाल शाईने गोल केले. तेवढेच गोळा केले असते, तर आज बंगला असता.

"नगरचे आहात तर निजामशाहीतलं तांब्याचं काही असेल तर बघा," तो म्हणाला. "किंवा अहिल्याबाईंच्या काळातला चांदीचा रुपया, शिवलिंगाचा, बेलाच्या पानाचा. ते आणा, बोलू."

चांदीचे रुपये होते आमच्याकडे. आजीकडे पितळी डब्यात होते, राणीछाप आणि त्याहून जुनेही. १९७२ च्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावरचे पैसे पुरेनात तेव्हा, तिने ते एकेक करून मोडले आणि घरात ज्वारी आणली. वीस पैशांची सतरा तेवढी ठेवली. त्यात सोनं होतं ना.

मी विषय बदलला. "नेहरूंचे किती?"

"वीस देतो."

शेजाऱ्याला वीस रुपयांत काढायला मन होईना. महाराजांचे दोनाचे पाच द्यायला तो तयार होता, पण सौ.ने नाणं त्याच्या हातातून काढून घेतलं. "महाराज विकायचे नाहीत." मग माउलींना उचललं. "माउली पण नाहीत." मग बाबासाहेब, मग गांधीजी. बाई बरणी रिकामी करायला आली होती, का बाजारातून सोडवायला, कळेना. शेवटी विक्रीला उरल्या दोन वैष्णोदेवी, कारण तीन होत्या म्हणून. पाच आणि पाच दहा. त्याने दहाचं एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. माझ्या आयुष्यातला नाण्यांचा पहिला आणि शेवटचा व्यवहार दर्शनी किमतीला झाला.

तेवढ्या वेळात सौ.ने शेजारच्या सतरंजीवर तीनशे रुपयांना पितळी अडकित्ता घेतला. आमच्या घरात सुपारी कुणीच खात नाही. "जुना आहे," ती म्हणाली. "पुढे भाव येईल."

रात्री माळीवाड्याला उतरलो. डोकं दुखत होतं. टपरीवर दोन चहा घेतले आणि दहाचं नाणं पुढे केलं.

"दहाचं नाणं चालत नाय," टपरीवाला म्हणाला.

हे आमच्याकडे नवं नाही. लाखात जाणारं नाणं शोधत लोक पुण्याला जातात, पण दहाचं खरं नाणं दहाला घेत नाहीत. तरी मी सकाळपासून इतका शिकलो होतो, की मला राहवलं नाही. "अहो, रिझर्व्ह बँकेने २०१८ लाच सांगितलंय. दहाची तेव्हाच चौदा प्रकारची नाणी होती, सगळी खरी."

"चौदा प्रकारची असल्यावर खरं कुठलं समजायचं?"

"आणि कायद्याने हजार रुपयांपर्यंत नाणी घ्यावीच लागतात."

"मग कायद्याकडनं चहा प्या."

मी नोट दिली आणि दिव्याखाली ते नाणं नीट पाहिलं. २०१५ चं. गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परत आले, त्याला शंभर वर्षं झाली म्हणून काढलेलं. गांधीजी पुन्हा एकदा परत आले होते. आणि नाण्यावर माणूस होता. म्हणजे आजोबांच्या नियमाप्रमाणे ते मोडता येणार नव्हतंच. मी बरणीचं झाकण उघडून ते आत टाकलं. त्रेचाळीसमधून दोन गेली, एक आलं.

घरी पोचतो तोच मेव्हण्याचा फोन.

"दाजी, विकली नाही ना? आत्ताच व्हिडिओ आलाय. वैष्णोदेवीचा भाव बारा लाखांवर गेलाय!"

"एकच राहिलंय," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "दोन गेली."

"कितीला?"

"ते सांगायचं नसतं."

पलीकडे आदराची शांतता पसरली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली. "अहो, ती बरणी इकडे आणा. सकाळी कैऱ्या आणल्यात, उद्या लोणचं घालायचंय. टवका दुसऱ्या बाजूला केला की झालं."

"अगं, पण यात बारा लाख आहेत!"

तिने फडताळातून श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा रिकामा डबा काढून माझ्यापुढे धरला. "धुतलेला आहे," ती म्हणाली.